दुभाषी

ठाण्यातल्या पंख्याला दोनच पाती.
मला दिवसाचे तीनशे, चहा वेगळा.
काम सोपं:
ती माडियात बोलेल, मी मराठीत सांगायचं.
साहेब मराठीत विचारतील,
मी ते उलटं करून तिच्यासमोर ठेवायचं.

नाव कुम्मे लेकामी. राहणार कोरेटोला.
वय विचारलं, तर म्हणाली,
बांबूला फूल आलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीची.
साहेबांनी लिहिलं: अंदाजे पन्नास.

मयत कोण?
पोरगा. लच्चू.
कुणी मारलं?
पुन्नो.

पुन्नो म्हणजे माहीत नाही.
मी तसंच सांगितलं, एक अक्षर इकडे-तिकडे न करता.
साहेबांनी कागदावर घेतलं:
‘सदर महिलेने माहिती देण्यास नकार दिला.’
मी म्हणालो, साहेब, नकार नाही.
साहेब म्हणाले, मराठी मला शिकवतोस?

किती जण होते?
पुन्नो.
तोंडं बांधलेली होती का?
पुन्नो.
मग तिनं न विचारलेलंच सांगितलं, एका दमात,
मंगळवारी वर्दीवाले आले होते,
लच्चूला नदीचा उतार दाखवायला घेऊन गेले.
संध्याकाळी तो परत आला, हातात बिस्किटांचा पुडा.
गावानं पुडा बघितला.
शनिवारी रात्री ते दुसरे आले.
त्यांनीही हेच विचारलं मला, किती जण होते,
कुठं गेले, काय बोलले.
मी त्यांनाही म्हणाले, पुन्नो.

एवढं सगळं मी मराठीत आणलं.
पेन तसंच अधांतरी.
बिस्किटाचं राहू दे, साहेब म्हणाले.

मग चिठ्ठी दाखवली.
प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांबडी शाई,
एका कोपऱ्यावर दगडाची माती.
‘खबऱ्याला त्याचे फळ मिळाले.’
दोन ‘ळ’.
पोट फुगलेले, शेपटी आत वळवलेली,
देठाला देठ लावून ठेवलेली दोन मोहफुलं असावीत तसे.

असा ळ जगात एकाच ठिकाणी काढतात.
आमच्या भाषेत हे अक्षर लागतच नाही, म्हणून
मडावी गुरुजी आश्रमशाळेच्या व्हरांड्यात
शंभर-शंभर वेळा गिरवून घ्यायचे,
चुकला की रूळ, बोटांच्या पेरांवर.
एका बाकावर आम्ही तिघं.
रैनू नववीतून आत गेला, जंगलात.
बुक्लू भरतीत पळाला, पहिला आला, वर्दीत गेला.
मी मधे बसायचो.
अजून मधेच आहे.

दुपारचं ऊन टेबलावरून सरकून
तिच्या पायांपाशी आलं होतं.
पायांना कोरडी माती, बावीस किलोमीटरची.
बाहेर बुक्लू खाली मान घालून बंदूक पुसत होता.
त्यानं ही चिठ्ठी बघितली असेल का?
त्यालाही रूळ बसले होते, माझ्यापेक्षा जास्त.

अक्षर ओळखीचं वाटतं का रे कुणाचं?
साहेबांनी सहज विचारलं. मला.
तिला नाही, मला.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
पुन्नो.

खोलीत एकदम कुणी काही बोलेना.
साहेब माझ्याकडे बघत राहिले,
जसं माझ्या शब्दाचं कुणीतरी
मराठी करून द्यायला हवं होतं.
कुम्मेनं पहिल्यांदाच मान वर केली.
तिला वाटलं असेल, याची भाषा
कुठंतरी चुकून परत आली.

जबाब वाचून दाखवला. अंगठा घेतला.
मग तिनं विचारलं, त्याचं काही देता का?
शिपायानं पुडकं सोडलं.
लुंगी तपासाला लागणार. तंबाखूची डबीही लागणार.
चप्पल नेता येईल, एकच सापडली.
त्याचीही पावती असते.
‘डाव्या पायाची चप्पल, निळी, नग एक, मिळाली.’
पुन्हा अंगठा.

फाटकापर्यंत मी सोबत गेलो. ते माझ्या कामात येत नाही.
चारची एसटी पुढे जात नाही,
रस्त्यावर झाडं पाडून ठेवलीत.
ती म्हणाली, आज रात्री ते विचारतील
ठाण्यात काय बोललीस म्हणून.
दुभाषी कोण होता, तेही विचारतील.

ओच्यात चप्पल. पावलं जंगलाकडे.
वळून तिनं मला काही सांगितलं नाही,
आणि मी ते
कुणाला काय म्हणून सांगू?